फोटोआधीचा खिळा

गेल्या मंगळवारपासून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तो आवाज पुन्हा यायला लागलाय. जर्मनीतल्या आमच्या या गावात, दोन गल्ल्या पलीकडे, आइस स्टेडियम आहे. नाव मोठं, प्रत्यक्षात तीन बाजूंनी भिंती आणि वर पत्रा असलेली शेड. ऑक्टोबर लागला की तिथली गारव्याची यंत्रं सुरू करतात. दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी एकसुरी घरघर. बाहेर झाडांना अजून पिवळी पानं असतात, शेजारची आजी बाल्कनीत उन्हाला बसलेली असते, आणि तिकडे पत्र्याखाली हिवाळा तयार करायला घेतलेला असतो. बर्फ एकदम होत नाही. आधी खालचं काँक्रीट दोन दिवस गार करतात. मग नळीने पाण्याचा फवारा, अंगणात सडा टाकावा इतका पातळ. तो गोठला की दुसरा. मग पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेषा, मग पुन्हा पाणी, पुन्हा पाणी. घाई केली तर भेगा जातात. हे सगळं मला माहीत आहे याचं कधीकधी मलाच नवल वाटतं.

हा आवाज आला की माझी मुलगी मैत्री जेवता जेवता उठायची आणि तळघरातून हॉकीची बॅग ओढत वर आणायची. त्या मंगळवारी आवाज सुरू झाला तेव्हाही ती जेवत होती. उठली, खिडकी लावली, परत येऊन बसली.

ती खेळायची तो लहान मुलांचा संघ आता नाही. त्यांच्या सरावाच्या वेळेला यंदापासून म्हातारी मंडळी बर्फावर गोटे सरकवायचा खेळ खेळणार आहेत, तशी नोटीस दारावर लागली आहे.

आणि त्या संघाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. क्लबचा यंदा मोठा वाढदिवस, त्याची पुस्तिका निघणार. तिला इथे क्रोनिक म्हणतात. मुलांच्या संघाचं प्रकरण फ्राउ तायडेंनी, म्हणजे तायडेबाईंनी, म्हणजे मी, लिहावं असं ठरलं. कारण काय, तर दोन हिवाळे सामन्यांचे तक्ते मी भरले आणि माझं अक्षर चांगलं आहे. ते आहेच चांगलं. उगीच नम्रपणा कशाला.

बर्फ आमच्या घरात आधीपासून होता. भुसावळला स्टेशनच्या मागे बर्फाचा कारखाना होता, बाबा तिथे लाद्या उचलायचे. मिठाच्या पाण्याच्या हौदातून पत्र्याचे डबे वर यायचे, ते उलटे केले की लादी सरकन बाहेर. आकड्याने ओढायची, खांद्यावर गोणपाट टाकून त्यावर घ्यायची, भुशात नेऊन ठेवायची. मे महिन्यात सगळं भुसावळ भाजून निघत असताना आमचे बाबा चुलीपाशी खांदा शेकत बसायचे. उजवा खांदा कायमचा बधिर झाला होता. मी लहानपणी त्यावर चिमटा काढायचे आणि ते म्हणायचे, "कोण आलंय? माशी?" शाळा चौथीत सुटलेली. पण हजेरीच्या वहीत अंगठा लावायचे नाहीत, सही करायचे. रामदास, एवढंच. त्या सहीचा केवढा रुबाब होता त्यांना!

घरात एकच स्टूल, निळ्या कोटातल्या, हातात पुस्तक असलेल्या फोटोखाली ठेवलेलं. ते माझं. परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात मोठ्याने बोलायचं नाही, पाहुणा घ्यायचा नाही, कुठे जायचं नाही. बारावीच्या केमिस्ट्रीच्या आदल्या दिवशी सख्ख्या मामाच्या मुलीचं लग्न होतं, तीन गल्ल्यांवर. बँडचा आवाज घरात येत होता. बाबा दारात बसून राहिले, स्वतःही गेले नाहीत. मामा वर्षभर बोलला नाही. मला पेपर उत्तम गेला. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि आज एर्लांगेनच्या कंपनीत रोग्यांना तपासायच्या यंत्रांवर मी काम करते. त्या दारात बसलेल्या माणसाचा मला अभिमान वाटत आलाय. अजून वाटतो. पुढचं सांगायला जड जातं ते त्यामुळेच.

मैत्री शाळेच्या वर्गाबरोबर पहिल्यांदा बर्फावर गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. सगळी मुलं कठड्याला धरून होती, ही मध्यावर जाऊन धाडधाड पडत होती. कठड्यापलीकडे एक उंच म्हातारा हाताची घडी घालून बघत होता. तो मला म्हणाला, "हिला पडायची भीती नाही. मला अशी गोलरक्षक हवी." ते हेर क्राउस, म्हणजे क्राउससाहेब, मुलांच्या संघाचे ट्रेनर.

बाबांना फोनवर सांगितलं. "बर्फावर खेळते? मुद्दाम?"

"हो बाबा."

"आणि पायात काय घालते?"

"सुरीसारखी पाती लावलेले बूट."

मग म्हणाले, "अभ्यास बघून काय ते कर."

क्लबमध्ये सगळे एकमेकांशी एकेरीत बोलतात. मला ते जमलं नाही. सत्तरीच्या माणसाला नुसती नावाने हाक कशी मारायची? मी हेर क्राउस म्हणत राहिले, मग तेही मला फ्राउ तायडे म्हणत राहिले. सगळ्या स्टेडियममध्ये एकमेकांना अहो-जाहो करणारे आम्ही दोघंच.

त्या हिवाळ्यांचा वास अजून माझ्या एका जाकिटात आहे. ओल्या रबरी चटया, कियोस्कवरचे तळलेले बटाटे, आणि हॉकीचे हातमोजे. त्या हातमोज्यांचा वास कुणाला सांगून समजत नाही. पालकांना कामं वाटून दिलेली असत. कुणी कियोस्कवर, कुणी घड्याळापाशी, कुणी शिक्षा झालेल्या मुलांच्या बाकाचं दार उघडायला. मी तक्त्यावर. बोटं गोठून जायची, पेन चालायचं नाही, मी ते काखेत धरून गरम करायचे. गोल झाला की मोठा भोंगा वाजायचा. तो आमच्या स्वयंपाकघरातसुद्धा ऐकू येतो. इथल्या स्टेडियमवर मॅच असली आणि मी गेलेली नसले तर भाजी परतताना भोंगे मोजायचे.

कपडे बदलायच्या खोल्यांकडे जाणारा एक लांब बोळ आहे. त्याच्या भिंतीवर दर मोसमाचा एक फोटो. मुलांच्या संघाचा इतिहास म्हणजे खरं तर तो बोळ. पहिल्या फोटोत पत्रा नाही, भिंती नाहीत, वीटभट्टीमागचं गोठलेलं तळं आहे. नडगीला लागू नये म्हणून पोरांनी मोज्यात वर्तमानपत्रं कोंबलेली दिसतात. गोलरक्षकाच्या पायाला गादीचे तुकडे बांधलेले. चौथ्या फोटोत डावीकडून दुसरा, पुढचे दोन दात नसलेला, तो मुलगा म्हणजे हेर क्राउस. पुढे एका फोटोत त्यांचा मुलगा आहे. सुरुवातीला मुलांच्या तीन रांगा, मग बरीच वर्षं दोन. बोळाच्या टोकाशी येईतो एकच रांग उरते, आणि तीही कडेला आखडलेली. फोटोची रीत मात्र बदललेली नाही, प्रत्येक फोटोत गोलरक्षक पुढे बर्फावर आडवा पडलेला. शेवटच्या दोन फोटोंत आडवी पडलेली माझी मैत्री आहे, हेल्मेट डोक्यावर सरकवून, दात काढून हसणारी.

तिथली एक पद्धत मला फार आवडायची. फोटो काढतात मोसमाच्या शेवटी, घरच्या शेवटच्या सामन्यानंतर. पण त्याचा खिळा ठोकतात पहिल्या सरावाच्या दिवशी. आधी खिळा, मग सहा महिन्यांनी फोटो. हातोडा मिळतो संघात सगळ्यात नव्या आलेल्या मुलाला, आणि बाकीचे भोवती उभे राहून हेल्मेटवर काठ्या बडवतात. त्या शेवटच्या ऑक्टोबरात नवं मूल आलंच नाही. हेर क्राउस हातोडा घेऊन उभे, पोरं एकमेकांकडे बघतायत. मग ते माझ्याकडे वळले. "फ्राउ तायडे, तक्त्याचं काम तुम्ही गेल्याच वर्षी घेतलंत. म्हणजे सगळ्यात नव्या तुम्ही." मी खिळा ठोकला. तो तिरका गेला. "शीफ! शीफ!" पोरं ओरडायला लागली, म्हणजे वाकडा, वाकडा. फिन नावाचा लाल केसांचा पोरगा म्हणाला, "असू दे, फोटोने झाकला जाईल."

त्या मोसमात संघाला रडतखडत मुलं पुरत होती. आमच्या लीगचा नियम असा, की एका मोसमात तीन सामने खेळता आले नाहीत तर संघ काढून टाकायचा. डिसेंबरात निम्मी पोरं तापाने झोपली, एक सामना गेला. जानेवारीत रस्त्यांवर काचेसारखा बर्फ झाला, आमची गाडी पोचलीच नाही, दुसरा गेला. दोन्ही नोंदी माझ्या हातच्या आहेत. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

जानेवारीतच मैत्रीला गणितात चार मिळाले. इथे एक म्हणजे उत्तम, पुढे उतरती भाजणी. चार म्हणजे काठावर. पुढचा गणिताचा मोठा पेपर फेब्रुवारीतल्या एका सोमवारी होता आणि आदल्या रविवारी सकाळी इथल्याच स्टेडियमवर सामना. नवरा त्या आठवड्यात फ्रँकफर्टला. शनिवारी मी मैत्रीला सांगितलं, "उद्या जायचं नाही."

ती घरात जर्मनमध्येच बोलते, मी मराठीत. म्हणाली, "दुसरी गोलरक्षक नाहीये, आई."

"पेपरच्या आदल्या दिवशी कुणी खेळायला जात नाही."

"इथे सगळे जातात."

"आपण नाही जात."

रविवारी सकाळी मीच हेर क्राउसना फोन केला. मैत्रीला ताप आहे म्हटलं. अभ्यास आहे असं का नाही सांगितलं? त्यांनी विचारलं असतं, दोन तासांनी काय फरक पडतो. ताप म्हटलं की कुणी विचारत नाही. त्यांनी विचारलं, "किती?"

"एकोणचाळीस." आपल्याकडच्या मोजणीत एकशे दोन. आकडासुद्धा मी तयार ठेवला होता.

मला वाटलं, झालं. करतील काहीतरी. नाहीच झालं तर तिसऱ्या सामन्याचं काय ते नंतर अर्ज देऊन, विनंती करून बघू. मुलांचा खेळ आहे, इतकं कोण ताणून धरतं? मी जिथे वाढले तिथे विनंती अर्जाने बरंच काही होतं. माझा इंजिनिअरिंगचा प्रवेशसुद्धा एका अर्जाने वाचला होता.

वीस मिनिटांनी त्यांचा परत फोन आला. "फ्राउ तायडे, गोलरक्षकाचं सामान तुमच्या तळघरात आहे. तेवढं द्या. फिन म्हणतोय मी उभा राहतो गोलात. मी पाच मिनिटांत येतो."

लहान मुलांच्या मापाचं ते एकच सामान होतं क्लबमध्ये. मोठ्यांचं अंगात घातलं तर पोरगं गळ्यापर्यंत बुडालं असतं. आणि मैत्री माझ्यासमोर टेबलाशी बसली होती, हातात कंपास, ताप नाही, काही नाही. ते दारात आले असते तर त्यांना ती दिसली असती. सामान देऊन टाकणं किती सोपं होतं! तळघराच्या दारात ठेवते, घेऊन जा, एवढं म्हणायचं. तेव्हा ते सुचलं नाही. मी म्हटलं, "आम्ही घरी नाही. हॉस्पिटलमध्ये आलोय. तातडीच्या विभागात."

"इतकं वाईट आहे?"

"या," मी म्हटलं. जर्मनमध्ये त्याचा अर्थ हो.

"मग हॉकीचं सोडा," ते म्हणाले. "मुलीकडे बघा."

फोन ठेवून मी पडदा ओढला. दोन गल्ल्यांवर स्टेडियम, कुणी रस्त्याने गेलं तर दिसायला नको. मैत्रीने सगळं ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आई, सगळे खेळाचे कपडे घालून बसले असतील." मग खाली मान घालून तिने वर्तुळ काढलं. त्या दिवशी तिने सगळी गणितं सोडवली. मी शेजारी बसून होते. घड्याळाचे काटे पुढे सरकत होते, दहा वाजले, साडेदहा, अकरा. भोंगा एकदाही वाजला नाही.

पेपरात तिला दोन मिळाले. चांगले मार्क. मी तो कागद फ्रिजवर लावला. मंगळवारी संघातली पोरं दाराशी आली होती, मी ऑफिसात होते. लवकर बरी हो असं लिहिलेलं, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड आणि एक मोठं चॉकलेट त्यांनी मैत्रीच्या हातात दिलं. चॉकलेट पंधरा दिवस शेल्फवर पडून होतं. मग एक दिवस फ्रिजवरचा तो पेपर मीच काढला.

संघ काढून टाकल्याचं लीगचं पत्र आठवड्याने आलं. मी अर्ज लिहिला, दोन पानी, माझ्या उत्तम अक्षरात, मुलांचं भवितव्य, सहानुभूती, सगळं घालून. उत्तर दोन ओळींचं, शेवटी सस्नेह नमस्काराचा छापील शब्द. फिन आणि आणखी दोघं फुटबॉलला गेले. एकाचे आईवडील त्याला दर आठवड्याला तासभर गाडी हाकत दुसऱ्या शहरातल्या संघात नेतात. बाकीच्यांनी सोडून दिलं. मैत्रीने सामान धुऊन, वाळवून क्लबला परत केलं. त्यानंतर ती स्टेडियममध्ये गेलेली नाही.

या उन्हाळ्यात हेर क्राउसनी कागदांचं खोकं माझ्याकडे आणून दिलं. जुने तक्ते, सरावाच्या वह्या, पत्रं. मी ऑगस्टभर लिहीत होते. वीटभट्टीचं तळं लिहिलं, मोज्यातली वर्तमानपत्रं लिहिली. स्वतःच्याच गोलात चेंडू, म्हणजे ती रबराची चकती, मारणारा एक मुलगा होता, त्याला सगळं गाव वर्षभर त्यावरूनच चिडवत होतं, तेही लिहिलं. नावं सगळ्यांची घातली. मग खोक्याच्या तळाशी त्या रविवारचा तक्ता निघाला. मी नव्हते म्हणून हेर क्राउसनी स्वतः भरलेला. थरथरत्या अक्षरात, "गोलरक्षक आजारी. सामना झाला नाही." मी ते जसंच्या तसं माझ्या शेवटच्या वाक्यात उतरवलं. कागदोपत्री तेच होतं ना.

माझं जर्मन बोलायला ठीक आहे, छापायला नाही. म्हणून मैत्रीला तपासायला दिलं. गेल्या गुरुवारी ती पेन्सिल घेऊन स्वयंपाकघरात बसली. पानापानावर खुणा. शेवटच्या पानावर पेन्सिल थांबली.

"हे असंच छापायचं?"

"काय चुकलंय?"

"जर्मन बरोबर आहे," ती म्हणाली.

मी भांडी घासत राहिले. ती तशीच बसून होती. मग म्हणाली, "फिनला अजून वाटतं मी आजारी होते. शाळेत भेटला की विचारतो, आता बरी आहेस ना. ते चॉकलेट मी खाल्लं, आई. टाकून द्यायला पाहिजे होतं." तिचा आवाज चढला नव्हता. पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली आणि ती खोलीत गेली.

शेवटचं वाक्य मी नव्याने लिहिलं. तीन ओळी झाल्या. गोलरक्षक आजारी नव्हती. दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर होता म्हणून तिच्या आईने तिला घरी ठेवलं, ट्रेनरना खोटं सांगितलं, आणि सामानही दिलं नाही. त्यामुळे तिसरा सामना गेला आणि संघ संपला.

काल संध्याकाळी कागद घेऊन गेले. हेर क्राउस यंत्रांच्या खोलीशेजारी उभे होते, बाहेर बर्फाचा पाचवा-सहावा थर बसत होता. त्यांनी उभ्याउभ्या वाचायला सुरुवात केली. शेवटच्या पानाला खाली बसले. ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"त्या दिवशी दुपारी मी तुमच्या गल्लीपर्यंत आलो होतो," ते म्हणाले. "बेल वाजवली नाही. म्हटलं, पोरगी हॉस्पिटलमधून येऊन झोपली असेल."

त्यांनी पानावर बोट ठेवलं. "इथे 'तिच्या आईने' असं आहे. नाव नाही."

"नाव..."

"या पुस्तकात सगळ्यांची नावं आहेत. स्वतःच्या गोलात मारणाऱ्याचंसुद्धा. तुम्हीच घातलंत."

त्यांनी पेन पुढे केलं. मी पदवीच्या कागदावर आहे तसं पूर्ण नाव लिहिलं, अर्चना रामदास तायडे. रामदास लिहिताना हात थांबला. मग तोही शब्द नेहमीसारखाच नीट काढला.

ते काहीतरी म्हणतील म्हणून मी उभी राहिले. त्यांनी कागद फायलीत ठेवले, भिंतीवरची नळी उचलली आणि बर्फाला पाणी द्यायला निघून गेले.

बाहेर पडायचा रस्ता त्या बोळातूनच आहे. उन्हाळ्यात भिंतीला रंग दिलाय. सगळे फोटो काढून परत लावलेत, एका ओळीत, टोकापर्यंत. त्यांच्यापुढे माझा खिळा आहे, तसाच तिरका, टोपीवर थोडा पांढरा रंग लागलेला. झाकायला काही नाही.

घरी मैत्री स्वयंपाकघरात अभ्यास करत होती. म्हटलं, "देऊन आले. खरं लिहिलंय. माझ्या नावानिशी."

"हेर क्राउस काय म्हणाले?"

"काही नाही."

तिने मान हलवली आणि पान उलटलं. मी पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली. खिडकी बंद होती, तरी आवाज येत होता.